स्नेह आणि श्वास

खोकला झालेल्या माणसानें तूप खावें कीं खाऊं नये, असें महाराष्ट्रांतील कोणत्याहि घरांत विचारून पाहावें. एकाच घरांत दोन उत्तरें मिळतील. ‘तेलकट-तुपकट बंद करा, छातींत कफ धरेल,’ असें एक वडील माणूस सांगेल. आणि त्याच घरांतील दुसरें वडील माणूस रात्रीं निजतेवेळीं मिरपूड घातलेलें कोमट तूप चमच्यानें पुढें करील. दोघांसहि आपापल्या म्हणण्याविषयीं तिळमात्र शंका नसते. आणि आश्चर्य हें कीं, दोघांच्याहि पाठीशीं रोगी बरे झाल्याची साक्ष असते. छातीचा आणि स्निग्ध पदार्थांचा संबंध काय, या प्रश्नास आमच्याकडे निदान दोन हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मुख्यत्वेंकरून या दोन उत्तरांच्या भांडणाचाच इतिहास होय.

या भांडणाकडे मला केवळ इतिहासाचा अध्यापक म्हणून पाहतां येत नाहीं. आमची मोठी काकू औरंगाबादेस गुलमंडीच्या मागील एका जुन्या वाड्यांत चाळीस वर्षें चुलीपुढें बसली. विडी-तंबाखूस तिनें कधीं हात लावला नाहीं. पन्नाशी उलटल्यावर तिला धाप लागूं लागली, आणि १९९४ च्या हिवाळ्यांत ती माडीचा जिना चढेनाशी झाली. एका डॉक्टरांनीं औषधें लिहून दिलीं आणि निघतां निघतां ‘जड खाऊं नका’ एवढें सांगितलें. या तीन शब्दांचा अर्थ लावण्याचें काम घरांतील शिकलेला मुलगा म्हणून मजकडे आलें. मी तेव्हां नुकताच महाविद्यालयांत लागलों होतों. मीं प्रथम तिच्या पानांतील तूप बंद केलें, मग भाजीवरचें तेल, मग दाण्याचें कूट. वरणभातावर चमचाभर तुपाची धार ती दोन वर्षें मागत राहिली, आणि मी तिला दोन वर्षें समजावीत राहिलों. १९९६ सालीं ती गेली तेव्हां तिला उचलण्यास चार माणसांची गरज पडली नाहीं. तूप खाल्लें असतें तर ती वांचली असती असें मी म्हणत नाहीं. तिचा रोग बरा होण्याजोगा नव्हता. परंतु तो निर्बंध आला कोठून, आणि तो इतक्या आत्मविश्वासानें तिच्यावर लादण्याचा अधिकार मला कोणत्या विद्येनें दिला, हें शोधण्याची गरज मला त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं वाटूं लागली. पुढील मजकूर त्या शोधाचा आहे.

आरंभ अर्थात् चरकापासून करावा लागतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील आठवा अध्याय राजयक्ष्म्याचा आहे. राजयक्ष्मा म्हणजे आजचा क्षय तंतोतंत तोच, असें म्हणणें धाडसाचें होईल. पण खोकला, ताप, रक्त पडणें आणि शरीर झिजत जाणें हीं लक्षणें वाचतांना वाचकाच्या डोळ्यांपुढें दुसरा रोग उभा राहत नाहीं. अध्यायाच्या प्रारंभीं चंद्राची कथा आहे. दक्षाच्या कन्यांपैकीं एकट्या रोहिणीच्या ठायीं चंद्र अतिशय आसक्त झाला, देहाची हेळसांड झाली, सासऱ्याचा कोप ओढवला आणि नक्षत्रांच्या या राजास यक्ष्मा जडला. येथें ग्रंथकार एक मार्मिक कारण देतो. चंद्राचा देह क्षीण झाला तो त्यांतील ‘स्नेह’ आटल्यामुळें. ‘स्नेह’ शब्दाचे दोन अर्थ आपणांस ठाऊक आहेतच: एक माया, दुसरा तेला-तुपांतील ओशटपणा. कथेपुरता दोन्ही अर्थांनीं निभाव लागतो. पण चिकित्सेस सुरुवात होतांच दुसरा अर्थ पुढें सरसावतो. रोगाचीं चार कारणें सांगितलीं आहेत: शक्तीबाहेरचे श्रम, मलमूत्रादि वेग रोखून धरणें, धातूंचा क्षय आणि विषमाशन, म्हणजे अवेळीं, कमीअधिक व विसंगत खाणें. उपचारांत औषधी तुपें, दूध आणि मांसरस यांची रेलचेल आहे. रोग्यास मांसाहारी पशुपक्ष्यांचें मांस द्यावें, आणि त्याला किळस येऊं नये म्हणून कावळ्यागिधाडांचें मांस दुसऱ्या रुचकर पक्ष्यांच्या नांवानें वाढावें, इतका धूर्तपणाहि ग्रंथकारानें रोग्याच्या हितासाठीं शिकविला आहे. पुढच्या वैद्यकग्रंथांत तर बकरीचें दूध, बकरीचें तूप, बोकडाचें मांस आणि शेवटीं बकऱ्यांच्या कळपांतच निजणें येथवर मजल गेली. या शेवटच्या उपचाराची परीक्षा कोणी घेतली असल्यास रोग्याविषयीं मला सहानुभूति वाटते.

तेव्हां एक उत्तर, तूप चारावयाचें, हें चरकाचें झालें. मग दुसरें उत्तर कोणाचें? मी बरेच दिवस असें धरून चाललों होतों कीं, ‘तेलतूप बंद’ हा मागाहूनच्या अडाणीपणाचा भाग असावा. पण तसें नाहीं. तेंहि उत्तर चरकाचेंच आहे. चिकित्सास्थानाचा अठरावा अध्याय कासाचा, म्हणजे खोकल्याचा. त्यांत वातानें झालेल्या कोरड्या खोकल्यास आधीं स्निग्ध उपचार, औषधी तूप, तेल, दूध सांगितलें आहे. आणि कफानें झालेल्या, छाती भरून आलेल्या खोकल्यास वमन, तिखट, रूक्ष व हलकें अन्न सांगितलें आहे. एकाच अध्यायांत, चार पानांच्या अंतरानें, दोन्ही आज्ञा शेजारीं शेजारीं नांदत आहेत, कारण त्या दोन निरनिराळ्या माणसांसाठीं आहेत. प्रथम रोग्याकडे पाहा, तो भरलेला आहे कीं वाळलेला आहे तें ठरवा, मग बरणीचें झांकण उघडावें कीं लावावें याचा निर्णय करा, असा तो क्रम आहे.

घराच्या स्मरणांत मात्र क्रम राहिला नाहीं, नुसत्या आज्ञा राहिल्या. असें कां झालें याचीं कारणें इतिहासांत शोधावीं लागतात. एक कारण सरळ आहे: घरोघर रोज दिसणारा खोकला पावसाळी, कफाचाच असतो, वाळत चाललेला रोगी क्वचित् दिसतो. दुसरें कारण बोलून दाखवावयास संकोच वाटतो. तूप ही महाग वस्तु. पथ्याच्या नांवानें ती कोणाच्या पानांतून काढली गेली आणि कोणाच्या पानांत औषध म्हणून पडली, याचा हिशेब पाहिला तर मुलगे आणि जांवई एका बाजूस व सुना आणि विधवा दुसऱ्या बाजूस दिसतील. विधवेच्या ताटास तर व्रताचेंहि कारण असे. शास्त्रांतील दोन आज्ञांपैकीं कोणती कोणास लागू करावयाची, हें वैद्य ठरवीत नव्हता, स्वयंपाकघरांतील दर्जा ठरवीत होता. माझ्या काकूच्या बाबतींत तो दर्जा पदवीधर पुतण्यानें ठरविला, एवढाच काळाचा फरक.

औरंगाबादेस या दोन परंपरांच्या जोडीस तिसरी होती. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी वसविली आणि १६५३ नंतर तिला औरंगाबाद हें नांव मिळालें. तेव्हांपासून या शहरांत वैद्याच्या शेजारीं हकीम आहे. हकिमाचा रोगन-बदाम कोरड्या खोकल्यास देण्याचा प्रघात वैद्याच्या तुपाहून तत्त्वतः निराळा नाहीं. खाद्याच्या बाजूनें पाहिलें तर येथील नान-खलियाची ख्याति सर्वश्रुत आहे. मुहम्मद तुघलकानें १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, त्या लष्कराबरोबर हा पदार्थ आला, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाबद्दल मी जबाबदारी घेत नाहीं, पण खलियावरची लाल तर्री ज्यानें हिवाळ्याच्या रात्रीं पाहिली आहे त्याला लष्कराची आठवण होणें अस्वाभाविक नाहीं. शहराबाहेर पडलें कीं चित्र पालटतें. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचें तेल करडईचें. त्याच्या भाकरीबरोबर जवसाची किंवा कारळाची चटणी आणि वर तेलाची धार असे. तीहि वर्षभर पुरेलच असें नाहीं. म्हणजे स्निग्धाच्या अतिरेकाचा प्रश्न मूठभरांचा होता. बहुसंख्यांचा प्रश्न उणिवेचा होता. ही गोष्ट पुढील विवेचनांत विसरूं नये.

एकोणिसाव्या शतकांत हाच वाद पाश्चात्य वैद्यकांत एका माशाच्या रूपानें अवतरला. उत्तर समुद्रावरचे कोळी कॉड माशाच्या यकृताचें तेल सांधेदुखीवर घेत असत. एडिंबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनीं १८४१ सालीं या तेलावर एक पुस्तक लिहून त्याचा क्षयावरील उपयोग इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपुढें मांडला. १८४९ सालीं लंडनचे डॉ. विल्यम्स यांनीं आपले आंकडे प्रसिद्ध केले. टिपणें ठेवलेल्या २३४ क्षयी रोग्यांपैकीं नऊ जणांस तेल सोसलें नाहीं, एकोणिसांस त्याचा उपयोग झाला नाहीं, आणि २०६ जणांस उघड फायदा झाला. आजच्या कसोटीस हे आंकडे उतरणार नाहींत, कारण तेल न घेणारा रोगी शेजारीं ठेवून तुलना केलेली नाहीं. तरी वजन वाढलें, खोकला उणावला, माणूस उठून बसला, हें पाहणारे डॉक्टर खोटें बोलत होते असें मानण्याचें कारण नाहीं. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख यांनीं १८८२ च्या मार्च महिन्यांत दाखविला; पण जंतु दिसला म्हणून तो मरत नव्हता. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें वारल्या, तेव्हां त्यांचें वय बावीसहि पूर्ण नव्हतें. जिनें स्वतः ती विद्या संपादन केली होती, तिच्याकरितां त्या विद्येजवळ अन्न, हवा व विश्रांति यांपलीकडे देण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. १९१९ सालीं राम गणेश गडकरी सावनेरास गेले तेव्हांहि स्थिति फारशी पालटलेली नव्हती.

कॉडच्या तेलानें आमच्या शाकाहारी घरांत धर्मसंकट उभें केलें हें सांगावयास नको. पाठीवर भला मोठा मासा घेतलेल्या कोळ्याचें चित्र असलेली स्कॉट्स इमल्शनची बाटली ज्या घरांत मासळीचें नांवहि काढीत नसत त्या घरांत देवघरापासून दूर, एखाद्या कोनाड्यांत उभी असे. औषधाला दोष नाहीं, या सोयीच्या वचनावर तिचा निभाव लागे. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी तेल मिळेनासें झालें, तेव्हां मद्रास व मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यांनीं कॉडऐवजीं आपल्या किनाऱ्यावरच्या मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या यकृतांतून तेल काढण्यास प्रारंभ केला. तोंवर या तेलांतील गुण कोणता हेंहि कळूं लागलें होतें. लोण्यांत व माशाच्या तेलांत विरघळलेला, वाढीस आवश्यक असा एक पदार्थ १९१३ सालीं अमेरिकेंत उमगला, तेंच आजचें ‘अ’ जीवनसत्त्व. १९२२ सालीं ‘ड’ जीवनसत्त्व वेगळें ओळखलें गेलें. तेल म्हणजे केवळ ओशटपणा नव्हे, तें दुसऱ्या कशाचें तरी वाहन आहे, ही कल्पना येथें प्रथम आली.

याच काळांत आरोग्यधामांची प्रथा भरास आली. युरोपांत आल्प्स पर्वतावर, आपल्याकडे पांचगणी आणि मिरज येथें क्षयी माणसें उघड्या हवेंत निजविण्यांत येत आणि त्यांना लोणी, दूध, अंडीं, मांस यथेच्छ चारण्यांत येई. थॉमस मान यांच्या १९२४ सालच्या प्रसिद्ध कादंबरींत रोगी दिवसांतून पांच वेळां भरपेट जेवतात. तें वाचतांना आम्हां विद्यार्थ्यांस त्या रोगाचा हेवा वाटे. चरक येथें असता तर त्यानें मान डोलाविली असती.

आणि मग एका प्रयोगानें ही सारी इमारत हादरली. १९५६ सालीं मद्रासेस क्षयाच्या औषधोपचाराचें एक केंद्र निघालें. तेथील संशोधकांनीं शहरांतील गरीब रोग्यांच्या दोन तुकड्या केल्या. औषधें दोहोंस एकच. एक तुकडी आरोग्यधामांत, चांगल्या अन्नावर, पूर्ण विश्रांतीत; दुसरी आपल्याच दाटीच्या घरांत, कदन्न खाऊन, शक्य तेवढें काम करीत. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरोग्यधामांतील लोकांच्या आहारांत उष्मांक अधिक होते, स्निग्धांशहि अधिक होता, त्यांचीं वजनें अधिक वाढलीं. परंतु रोग बरा होण्याच्या बाबतींत दोन तुकड्यांत फरक पडला तो अगदीं थोडा. घरीं निजणाऱ्या गरिबास औषध मिळालें तर तो लोण्यावांचूनहि बरा होतो, हें सिद्ध झालें. या शोधाचे उपकार मोजतां येणार नाहींत. त्यामुळें लाखों लोकांस खाटेची वाट न पाहतां उपचार मिळाले. परंतु त्याचा एक दुष्परिणाम असा झाला कीं, अन्नाचा विषय क्षयाच्या चर्चेंतून जवळजवळ हद्दपार झाला. ‘औषध असल्यावर अन्नाला कोण विचारतो’ या वाक्यांत मूळ प्रयोगानें न सांगितलेलें पुष्कळ कांहीं घुसलें होतें.

त्या अन्नास परत बोलावण्यास साठांहून अधिक वर्षें लागलीं, आणि बोलावणारी संस्था, पाहा, त्याच मद्रासच्या केंद्राची वारस निघाली. डॉ. अनुराग भार्गव व त्यांचे सहकारी यांनीं चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग-संशोधन संस्थेच्या सहभागानें झारखंडांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२३ सालीं ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत आले. क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांवर माणसें त्यांत होतीं. कांहीं घरांत रोग्यास तांदूळ, डाळ, दुधाची पूड, तेल व जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि त्याबरोबर घरांतील इतर सर्वांनाहि तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यांत आल्या. कांहीं घरांत फक्त रोग्यास. जेथें सगळ्यांस अन्न मिळालें तेथें नवीन क्षयाचें प्रमाण ३९ टक्क्यांनीं घटलें, आणि फुप्फुसाच्या सांसर्गिक क्षयाचें ४८ टक्क्यांनीं. लस नव्हे, नवें औषध नव्हे, शिधा. या घटीचें श्रेय तेलास देतां येत नाहीं, आणि देऊं नये. क्षयाच्या जंतूची कथा तर अधिकच विलक्षण आहे: त्याचें कवचच मेणासारख्या स्निग्ध द्रव्याचें असतें, आणि शरीरांत शिरल्यावर तो आपल्याच पेशींतील स्निग्धांशावर उदरनिर्वाह करतो. चंद्राचा स्नेह आटला तो कोठें गेला, याचें एक उत्तर यांत आहे असें कोणी कवि म्हणूं शकेल. मी इतिहासाचा माणूस, मी एवढेंच म्हणतों कीं, मद्रासच्या प्रयोगानें रोग बरा कशानें होतो तें सांगितलें आणि झारखंडच्या प्रयोगानें तो कोणास होतो तें सांगितलें. हे दोन निरनिराळे प्रश्न होते.

परंतु माझ्या काकूचा रोग क्षय नव्हता. तो धुराचा रोग होता. ‘सीओपीडी’ या आद्याक्षरांनीं डॉक्टर ज्याचा उल्लेख करतात तो, श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा हा विकार, धूम्रपानाचा म्हणून पाठ्यपुस्तकांत शिकविला जात असे. पुण्याचे डॉ. संदीप साळवी व लंडनचे पीटर बार्न्स यांनीं २००९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें दाखवून दिलें कीं, जगांतील या रोग्यांपैकीं शेंकडा २५ ते ४५ लोक कधींहि धूम्रपान न केलेले असावेत, आणि चुलींतील लांकूड व गोवऱ्यांचा धूर हें त्याचें एक मोठें कारण आहे. अशा रोग्याची गोष्ट पुढीलप्रमाणें आहे. निरोगी माणसास श्वास घेण्याचे कष्ट जाणवतहि नाहींत. याला तेवढ्याचसाठीं कित्येक पट शक्ति खर्चावी लागते. जेवतांना धाप लागते म्हणून तो कमी जेवतो. खर्च वाढलेला आणि आवक घटलेली, अशा संसाराचें जें होतें तेंच त्याच्या देहाचें होतें. कोपनहेगन येथील दीर्घकालीन पाहणीवरून १९९९ सालीं असें नमूद झालें कीं, अशा रोग्यांत जे कृश असतात ते लवकर मरतात, फुप्फुसांची स्थिति सारखी धरली तरीहि.

येथें स्निग्ध पदार्थांचा एक गुण कामास येतो, आणि तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षीं शिकतो. पिष्ट व साखर शरीरांत जळते तेव्हां जितका प्राणवायु खर्च होतो तितकाच कार्बन-डाय-ऑक्साइड तयार होतो. स्निग्धांश जळतांना प्राणवायूच्या दहा भागांमागें हा दूषित वायु सातच भाग निघतो. ज्याला तो बाहेर टाकण्याचेच कष्ट आहेत त्याला तेवढेंच ओझें कमी. या तत्त्वावर १९८० नंतर स्निग्धप्रधान पेयें निघालीं व विकलींहि गेलीं. पुढें असें दिसून आलें कीं, पिष्ट आणि स्निग्ध यांच्या प्रमाणापेक्षां एकूण अन्न किती पोटांत जातें याचें महत्त्व अधिक. पण थोडक्या घांसांत पुष्कळ शक्ति देणारा पदार्थ कोणता, असें विचारलें तर उत्तर तूप, तेल व दाणे हेंच येतें. म्हणजे मीं जें जें काढून घेतलें, तें. ‘जड’ या शब्दाचा अर्थ पोटाला तडस लावणारें मोठें जेवण असा होता. मीं तो ‘स्निग्ध’ असा केला. भाषांतराची चूक इतकी महाग क्वचितच पडत असेल.

तरी ‘तेलकट बंद’ म्हणणाऱ्या वडिलांस सरसकट दोषी ठरवावें तर तोहि अन्याय होईल. दम्याचा विचार केला कीं पारडें फिरतें. ऑस्ट्रेलियांतील न्यूकॅसल येथें २०११ सालीं दम्याच्या रोग्यांस मुद्दाम स्निग्धांशानें भरलेलें एक जेवण देण्यांत आलें. चार तासांनीं त्यांच्या थुंकींत दाह दर्शविणाऱ्या पेशी वाढलेल्या आढळल्या, आणि श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाचा परिणाम उणावलेला दिसला. त्याच देशांत २०१९ सालीं आणखी एक गोष्ट उघडकीस आली: स्थूल माणसांच्या श्वासनलिकांच्या भिंतींतच चरबी सांठलेली सांपडते, आणि वजनाबरोबर ती वाढते. ‘छातींत चरबी धरेल’ हें वाक्य मीं तोंवर अलंकारिक समजत होतों. उलट पक्षीं, निसर्गानें निरोगी फुप्फुसाच्या प्रत्येक वायुकोशास आंतून एक अतिशय पातळ स्निग्ध लेप दिलेला आहे. १९५५ ते १९५९ या वर्षांत त्याचा उलगडा झाला. हा लेप नसेल तर वायुकोश श्वास सोडतांच मिटून चिकटतील. या लेपांतील सुमारें नव्वद टक्के भाग स्निग्धच. फुप्फुसास स्वतःचें तूप लागतें, दुसऱ्याचें उसनें तूप भिंतींत मुरलेलें त्याला चालत नाहीं.

राहिला प्रश्न स्निग्ध पदार्थांच्या जातीचा. चरकानें तूप, तेल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले. विसाव्या शतकानें पांचवा निर्माण केला. १९३७ सालीं खजुरीच्या झाडाचें चित्र असलेला डालडाचा डबा बाजारांत आला. कारखाना मुंबईस शिवडीस होता. तुपासारखा दिसणारा आणि तुपाहून स्वस्त असा हा पदार्थ मध्यमवर्गानें प्रथम लपवून व पुढें उघडपणें स्वीकारला. १९४६ सालीं गांधीजींनीं ‘हरिजन’मध्यें त्याच्याविरुद्ध लिहिलें, तेव्हां शास्त्राभिमानी लोकांस तें जुनाट मनाचें लक्षण वाटलें. द्रव तेल घट्ट करतांना त्यांत एका वांकड्या जातीचे, ‘ट्रान्स’ नांवाचे स्निग्धाम्ल उत्पन्न होतें हें त्या वेळीं चर्चेंत नव्हतें. हृदयास तें घातक असल्याचें आतां निर्विवाद आहे. आणि १९९९ सालीं युरोपांतील दहा देशांच्या पाहणींत, जेथें तें अधिक खाल्लें जातें तेथें शाळकरी मुलांत दमाहि अधिक, असें आढळलें. देशादेशांच्या तुलनेवरून कारण सिद्ध होत नाहीं, परंतु संशयास जागा होते. भारतांत २०२२ च्या जानेवारीपासून तेला-तुपांतील या अंशावर दोन टक्क्यांची मर्यादा आहे. डालडाच्या रिकाम्या डब्यांत आमच्याकडे तुळस लावीत असत. त्याचा तो उपयोग निर्दोष म्हणतां येईल.

माशांच्या तेलाची कीर्ति मात्र पुन्हां वर येत आहे. १९९४ सालीं अमेरिकेंतील सुमारें नऊ हजार धूम्रपान करणाऱ्या व केलेल्या माणसांच्या पाहणींत, मासे अधिक खाणारांत हा श्वासरोग कमी दिसला. २०२३ सालीं पंधरा हजारांवर लोकांच्या रक्ताच्या तपासणीवरून, ज्यांच्यांत माशांतील ओमेगा-३ जातीचीं स्निग्धाम्लें अधिक त्यांच्या फुप्फुसांची झीज सावकाश होते असें निघालें. आमच्याकडे लगेच जवसाच्या चटणीचा जयजयकार सुरू झाला आहे. जवसाच्या तेलाचा अर्धाअधिक भाग ओमेगा-३ चा असतो, हें खरें. परंतु ती निराळी जात, आणि शरीर तिच्यांतून माशांतील जात फार थोडी घडवूं शकतें. चटणी खावी, ती उत्तम लागते. तिच्यावर दम्याचा भार टाकूं नये. एक गोष्ट अजून राहिली: स्निग्ध पदार्थ फुप्फुसापर्यंत पोटाच्या वाटेनेंच जातात असें नाहीं. कडकडीत तापलेल्या तेलांत तळण्याचा धूर बहुधा कर्करोगकारक आहे, असें त्या रोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें ठरविलें आहे. दिवाळीच्या चकल्या खाणारा आणि तळणारी यांच्या फुप्फुसांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

गेल्या हिवाळ्यांत आमच्या थोरल्या बंधूंस धाप लागूं लागली. वहिनी घाबरून माझ्याकडे आल्या आणि त्यांनीं पहिला प्रश्न विचारला तो हाच: “भाऊजी, यांचें तेलतूप बंद करूं का?” मीं त्यांना शेजाऱ्यांकडून आधीं वजनाचा कांटा मागून आणावयास सांगितलें.